होडेकरचाचांचा इंग्रज सरदार

कॅप्टन जयवंतांना हार्ट अटॅक आला त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळ्यांत जास्त कोणी घाबरलं असेल तर ते होडेकरचाचा. वायरलेसचा हेडफोन गळ्यात तसाच लटकवून ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बाय, कुठल्या हॉस्पिटलात नेलं? शुद्धीवर हाय ना?"

मला नोकरीला लागून चारच महिने झाले होते. कराडहून थेट बहरीनला, सित्र्याजवळच्या या बोटींच्या कंपनीत मी कागदपत्रं सांभाळायला आले होते. मला वाटलं, दोघं जुने मित्र असणार. दुसऱ्या दिवशी चाचा सफरचंदं घेऊन हॉस्पिटलात निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. कॅप्टन झोपेत होते. चाचा त्यांच्या पायथ्याशी बराच वेळ उभे राहिले, मग बाहेर येऊन त्यांनी मल्याळी डॉक्टरला गाठलं.

"डॉक्टरसाब, ये आदमी और कितना जिएगा?"

डॉक्टर हसला. "परहेज करेगा तो बीस साल."

चाचांचा चेहरा उजळला. गाडीत बसल्यावर त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, "अल्लाचे उपकार. असा गादीवर, बायको उशाला बसलेली असताना मेला असता, तर माझं सगळं फुकट गेलं असतं."

या बोलण्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

दाऊद होडेकर रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. वय साठीला टेकलेलं. उंच, किडकिडीत, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हातही लांब बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं. आमच्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ते वायरलेसवर बसत. कुठली बोट कुठे आहे, कुणाला काय हवंय, वारा किती, हे सगळं त्यांच्या कानातून जाई आणि त्यांच्या तोंडून बोटींना कळे. आवाज असा की समुद्रावरच्या माणसाला धीर यावा. फिलिपिनो, बंगाली, आपले कोकणी, सगळे खलाशी त्यांना चाचाच म्हणत. कॅप्टन जयवंत हे आमचे मरीन सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या बोटींचे मालक असल्यासारखेच. चाचा त्यांचं नाव कधी घेत नसत. समोर "सर", मागे "तो माणूस".

वर्षातून एकदा, मार्चच्या एका ठरावीक सकाळी, ते त्या दिवसाच्या वाऱ्याचा अंदाज प्रिंट करून कॅप्टनच्या टेबलावर नेऊन ठेवत. खाली सही नाही, काही नाही. कॅप्टन तो कागद बघत, चुरगळत, टोपलीत टाकत. दुसऱ्या वर्षी तो कागद माझ्याच प्रिंटरवर आला म्हणून मी विचारलं, तेव्हा चाचांनी मला अन्वरची गोष्ट सांगितली.

अन्वर तांडेल हा त्यांच्याच खाडीचा, पलीकडच्या काठाचा. माणसं नेआण करणाऱ्या लहान बोटीवर तो सारंग, म्हणजे बोट चालवणारा मुख्य खलाशी, होता. मी यायच्या दोन वर्षं आधी मार्चमध्ये अचानक शमाल सुटला. इथला वायव्येचा वारा हा, दोन-तीन दिवस कोणालाच जुमानत नाही. दूर नांगरलेल्या बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावर, काही सामान पोचवायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे बघायला येणार होते. अन्वरची बोट निघाली. बोटीत तिघं होते. परत कोणी आलं नाही. कंपनीच्या अहवालात आलं की वाऱ्याची सूचना असूनही सारंग कोणाच्या हुकुमाशिवाय, आपल्या मर्जीनं बोट घेऊन गेला. आपण मेला आणि दोघांना घेऊन मेला.

"आणि खरं काय होतं?" मी विचारलं.

"तो माणूस माझ्या खुर्चीमागे उभा होता. बोलला, सांग त्याला, निघ. संध्याकाळी त्यानंच माझ्या नोंदवहीचं पान फाडलं आणि नवीन लिहायला लावलं. मी लिहिलं. सही पण केली. माझा व्हिसा त्याच महिन्यात रिन्यूला होता."

गावाकडे अन्वरच्या म्हाताऱ्या बापाने, जो स्वतः जन्मभर दर्यावर गेलेला, मशिदीत पुढच्या रांगेत बसणं सोडलं होतं. बायको जुलेखा लग्नाकार्याला जात नव्हती. दोन माणसं बुडवणाऱ्याची बायको म्हणून ती ओळखली जात होती.

इंग्रज सरदार चाचांना मिळाला तो एका खोक्यात. बहरीन कायमचं सोडून चाललेला एक म्हातारा इंग्रज सर्व्हेअर आपली पुस्तकं आमच्या ऑफिसात टाकून गेला होता. त्यात समुद्रावरच्या जुन्या लढायांचं एक जाडजूड पुस्तक होतं. चाचांचं इंग्रजी वायरलेसपुरतं. पण डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ते दोन वर्षं वाचलं, आणि त्यातल्या सहा पानांपाशी येऊन ते थांबले ते थांबलेच. ती सहा पानं सहाशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराच्या आयुष्यावर होती. तो लढवय्याही होता आणि आरमाराचा मोठा अधिकारीही.

दुपारी जेवणाच्या डब्यापाशी त्याची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी चाले. बाहेर शेजारच्या मआमीरकडून कारखान्यांचा वास येत असे, आणि चाचा बांगड्याचा काटा बाजूला ठेवत सांगत.

"मोठ्या घराण्यातला धाकटा मुलगा. धाकट्याला काय मिळणार? म्हणून तलवार घेतली. शूर होता बरं का बाय, उगाच खोटं कशाला बोला? फ्रेंच लोक एका बंदरावर चालून आले, तेव्हा यानंच ते वाचवलं. राजानं आरमार दिलं हातात. मग मात्र डोक्यात हवा गेली. लढाईला जाताना बरोबर पन्नासच्या वर जरीचे पोशाख! सांग, लढायला चाललास का लग्नाला?"

एकदा फ्रान्सवर चढाईला निघताना वारा उलटा होता म्हणून हा सरदार किनाऱ्यावर अडकला. जवळच जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, मठ होता. त्याने सैन्याला तिथे मुक्कामाला घातलं. सैनिकांनी मठात नको ते केलं आणि निघताना तिथल्या बाया जबरदस्तीने जहाजांवर चढवल्या. एवढं सांगून चाचा पुस्तकाच्या पानावर बोट ठेवत. "आता हे बघ. त्याचा मुख्य खलाशी त्याला बोलला, की हवा फिरणार, आज निघू नका. हा ऐकला नाय. निघाला."

मग वादळ आलं. जहाजं हलकी करायला सामान फेकलं, आणि सामान संपल्यावर बाया फेकल्या. शेवटी आयर्लंडचा किनारा दिसला. खलाशी म्हणाले, खडक आहेत, समुद्रातच थांबू. सरदाराला जमीन हवी होती. नाही म्हणणाऱ्या काही खलाशांना त्याने तिथेच मारलं. जहाज खडकांवर गेलं आणि सरदार आपल्या पोशाखांसकट बुडाला.

"हे सगळं लिहिलं कोणी?" मी एकदा विचारलं.

"एका मठातल्या साधूनं. आज त्या सरदाराचं घराणं, पराक्रम कोणाला माहीत नाय. बाया फेकणारा, एवढंच राहिलं."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. मी ती वाचून दाखवली. तो साधू सरदाराच्या पक्षाचा द्वेष करायचा, त्याने तिखटमीठ लावलं असावं, असं काही अभ्यासकांचं म्हणणं होतं.

चाचा रागावले नाहीत. डबा बंद करत म्हणाले, "लावलं असेल. पण बुडालेल्या बायांच्या बाजूनं दुसरं कोण लिहिणार होतं? राजानं सूड नाय घेतला, कोर्टानं नाय घेतला. एका टाकवाल्यानं, लिहिणाऱ्यानं घेतला."

त्यांचा सूडही असा टाकवाल्याचा होता. थंड, नेटका, रोजच्या कामासारखा. कॅप्टन चहा मागत तेव्हा चाचा स्वतः नेऊन देत आणि साखर नाही ना, याची खात्री करत. जिना चढू नका, लिफ्ट घ्या, म्हणत. कॅप्टनना ती निष्ठा वाटे. एकदा त्यांनी माझ्यासमोरच चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "होडेकर म्हणजे माझा सगळ्यात भरवशाचा माणूस." चाचांनी मान लववली. कॅप्टन गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन त्यांनी शर्टाचा तो खांदा ओल्या रुमालाने पुसला. शर्ट चांगलाच भिजला. दिवसभर ते तसेच ओल्या शर्टात एसीखाली बसले.

मी म्हणायचे, "चाचा, बंदराच्या ऑफिसात जाऊन सरळ सांगा ना."

"काय सांगू? पान माझ्या अक्षरात, सही माझी. माझ्या शब्दाविरुद्ध माझाच शब्द. त्याच्या तोंडून यायला हवं, बाय. हुकूम झाला होता, एवढं त्यानं एकदा चारचौघांत बोलायला हवं."

"ते कशाला बोलतील?"

"अशा माणसाला सगळं चालतं. फक्त आपलं सरदारपण दुसऱ्यानं घेतलेलं चालत नाय."

अपघाताला सात वर्षं झाली तेव्हा कॅप्टन जयवंत निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवला. शुक्रवारी दुपारी, मनामातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये, आधी भाषणं आणि मग जेवण. दोनशेक माणसं असतील. जुना सहकारी म्हणून चाचांनी दोन शब्द बोलावेत, हे कॅप्टननीच सुचवलं होतं.

चाचा नवा शर्ट घालून आले होते. बसायच्या आधी मला म्हणाले, "बाय, माझं भाषण मोबाईलवर घे. गावाला पाठवायचंय. मी खाली बसेपर्यंत बंद करू नको."

ते माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मला भाषण येत नाय. साहेबांना दर्याच्या गोष्टी आवडतात, म्हणून एका इंग्रज सरदाराची गोष्ट सांगतो." लोक कौतुकाने हसले. चाचांनी सरदाराचा पराक्रम सांगितला, बंदर कसं वाचवलं ते सांगितलं. जरीच्या पोशाखांवर चांगला हशा पिकला. कॅप्टनही हसले. जोगिणींच्या मठाबद्दल चाचा एक अक्षर बोलले नाहीत. मला ते खटकलं.

"मग एक दिवस वारा फिरला," चाचा म्हणाले. "मुख्य खलाशी सरदाराला बोलला, आज दर्या आपला नाय. सरदार बोलला, उद्या पाहुणे यायचे हायत. आजच गेलं पाहिजे."

पाहुणे त्या पुस्तकात नव्हते. मी मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"बोटीत तिघं होते. सरदार मात्र किनाऱ्यावर, एसीत. तिघं बुडाले. संध्याकाळी सरदारानं लिहून घेतलं की कोणी हुकूम दिलाच नव्हता, खलाशी आपल्या मर्जीनं गेला. पुस्तकात त्या खलाशाचं नाव नाय. मी सांगतो. त्याचं नाव अन्वर तांडेल."

कोणीतरी "अहो चाचा, पुरे" म्हणालं. कॅप्टन उठले. त्यांच्या बायकोने बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली. चेहरा लाल, पण ओठांवर हसू. त्यांनी दुसरा माईक उचलला.

"छान गोष्ट सांगितलीत, होडेकर. आता अर्धी राहिली तीही सांगा. अन्वरशी वायरलेसवर बोललं कोण? आवाज कोणाचा होता?"

"माझा," चाचा म्हणाले.

"ऐकलंत?" कॅप्टन लोकांकडे वळले. "आवाज यांचा, नोंदवही यांची, सही यांची. आणि सात वर्षांनी मला सरदार म्हणतायत!"

"खरंय, सर. सगळं मीच केलं. म्हणजे त्या दिवशी बोटींवर हुकूम माझाच चालत होता. तुम्ही नुसतेच मागे उभे होता."

"नुसता उभा?" कॅप्टनचा आवाज चढला. "तीस वर्षं बोटी चालवल्यात मी! तुमच्यासारख्या कारकुनाच्या हुकुमावर माझी बोट हलते? हुकूम मी दिला होता. तुम्ही फक्त..."

ते तिथेच थांबले. त्यांच्या बायकोने डोळे मिटून घेतले.

चाचांनी माईक हळूच टेबलावर ठेवला, आवाजसुद्धा होऊ दिला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलं का त्यात?"

मी मान हलवली. मग ते खाली बसले.

त्या दिवशी जेवण कोणी नीट जेवलं नाही. चाचा मात्र जेवले. श्रीखंड दोनदा घेतलं. त्यांना एवढं खाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

रविवारी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. व्हिसा रद्द, महिन्याभरात देश सोडायचा. त्यांनी ते दोनदा वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं, जणू लायब्ररीची पावती. तोवर माझ्या मोबाईलवरची ती फीत मआमीरपासून त्यांच्या खाडीपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. अन्वरबरोबर बुडालेला शफीक बंगाली होता. त्याचा भाऊ कंट्रोल रूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "चाचा, सात साल हम अन्वरभाई को गाली देते थे," एवढंच तो बोलला आणि हात न मिळवता निघून गेला.

बंदराच्या ऑफिसाने जुनी फाइल परत मागवली. कॅप्टनना जबाबासाठी तीन-चारदा बोलावलं आणि तोपर्यंत देश सोडायला मनाई केली. सत्काराचे फोटो मंडळाच्या ग्रुपवरून गुपचूप निघाले. एकदा कॅप्टन मला सुपरमार्केटमध्ये दिसले. मला बघताच त्यांनी भरलेली ट्रॉली तिथेच सोडली आणि दाराबाहेर चालू लागले. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. एकटाच होता का? दाढी केली होती का? चालताना कसा चालत होता? मी सांगत गेले तसे त्यांचे डोळे चमकत गेले. मला त्यांची थोडी भीती वाटली, हे कबूल केलं पाहिजे.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला अरादला त्यांच्या खोलीवर बोलावलं. सामान बांधून झालं होतं. म्हणाले, "जुलेखाला फोन लावायचाय. तू शेजारी उभी राहा. मी काय सांगितलं ते ऐकलेलं कोणीतरी असायला हवं."

फोन स्पीकरवर होता. सलाम झाला.

"बघितलं मी," जुलेखा म्हणाली. "अब्बांनी पण बघितलं. काल ते पुढच्या रांगेत बसले."

चाचांनी भिंतीला हात टेकला.

"पण तुमी त्यात सगळं नाय सांगितलंत," ती म्हणाली. "आमचे हे काय बोल्ले होते? निघायच्या आधी?"

चाचा फोनच्या आणखी जवळ वाकले.

"अन्वर बोलला, दाऊद, वारा बघितलास काय? मी बोललो, बघितला. तो बोलला, हे तू सांगतोस का तो सांगतो?"

"मग?"

"त्याचं आणि साहेबाचं दोन दिवसांपूर्वी कडाक्याचं भांडण झालेलं. मी बोललो, उगाच वाद नको. मी बोललो... मी सांगतो. निघ."



"साहेबाचं नाव घेतलं असतंत तर?"

"नसता गेला."

"परत सांगा."

"मी सांगतो, निघ. असं बोललो."

"आता अब्बांना सांगा."

तिने फोन दिला. म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. चाचांनी तिसऱ्यांदा तेच शब्द सांगितले, त्याच आवाजात, ज्याने वायरलेसवर माणसांना धीर यायचा. फोन पुन्हा जुलेखाकडे आला.

"साहेबाचं नाव घालवलंत, ते बरं केलंत. आता घरी या," ती म्हणाली. "पण खाडीच्या ह्या काठाला पाऊल टाकू नका."

"नाय टाकणार," चाचा म्हणाले.

फोन बंद झाल्यावर ते खाटेवर बसले. मला पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं. ते सरदाराचं जाडजूड पुस्तक त्यांनी बॅगेतून काढून माझ्यापुढे धरलं, मग विचार बदलून पुन्हा कपड्यांखाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. काचेपलीकडे तपासणीची रांग दिसत होती. चाचांनी पट्टा काढला, घड्याळ काढलं, बूट काढले. शिपायाने खूण केली तसे दोन्ही हात बाजूला पसरून ते उभे राहिले. शिपायाने यंत्र फिरवलं, जा म्हणून मान हलवली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. चाचा हात पसरून तसेच उभे होते. रांग त्यांना वळसा घालून पुढे जाऊ लागली. शेवटी कोणीतरी मागून त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी एक एक करून हात खाली घेतले.